सरूबाईचा आवाज

धुळ्याच्या बसस्टँडवर भर दुपारी माझ्या फुईचा, म्हणजे आत्याचा, आवाज एका तरुण पुरुषाच्या तोंडून ऐकू आला, आणि मी आधी हसलो. मागाहून जे वाटलं ते सगळं नंतरचं. आधी हसलो, हे खरं. अभिमन माझ्या कोपराला हलकेच धरून चालत होता. तो धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे, जन्मापासून अंध, आणि बसस्टँड त्याला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. चहाच्या टपरीशी आल्यावर त्याने मान किंचित वर केली आणि ओरडला, "दोन चहा ठेवा भाऊ, पानी कमी घाला-आ?" शेवटचा 'घाला' खालून वर गेला, वर जाऊन तिथेच थांबला, कुणीतरी हात देईल म्हणून थांबावा तसा. टपरीवाला म्हणाला, "आली का तुमची सरूबाई! मला वाटलं आज सत्काराला गेली असेल." बाकावरचे दोघेतिघे हसले. मीही हसलो. सत्कार माझाच होता आणि तो आत्ताच उरकून आम्ही आलो होतो. माझ्या शबनममध्ये शाल होती, नारळ होता, आणि त्या नारळाचा भार मला तोपर्यंत गोड वाटत होता.

सरूबाई हे एका कादंबरीतलं पात्र. एका निवृत्त न्यायाधीशाच्या घरची स्वयंपाकीण, जेमतेम वीसबावीस पानांवर येणारी. ती कादंबरी मी जळगावला अंधांसाठी कॅसेटवर वाचली, आणि धुळ्यातल्या अंध श्रोत्यांच्या मंडळाला ती इतकी आवडली की त्यांनी मला मुद्दाम बोलावून शाल दिली. भाषणात त्यांच्यातला एकजण म्हणाला, पुस्तकं पुष्कळ ऐकली, पण माणसं पहिल्यांदा ऐकली. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, आणि मग लक्षात आलं की इथे ती कुणाला दिसत नाहीये, तरी तशीच घातलेली ठेवली.

"सर, माझं नकली झालं," अभिमन म्हणाला. "एकदा असली होऊन जाऊ द्या. ते ताटाचं." टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. मी आढेवेढे घेतले असं मला आठवत नाही. घसा साफ केला, हनुवटी थोडी पुढे काढली आणि म्हणालो, "ताट वाढून ठेवलंय-अं? तो आला की गरम करीन-अं?" बाक हसला. अभिमन तर टाळी वाजवून हसला. म्हणाला, "या जागेला आम्ही दर वेळी रिवाइंड करतो. किती वेळा ऐकलं तरी हसू येतंच." आणि चहाचा कप हातात घेतल्यावर, बोटांनी कपाची कड चाचपत, तो सहज म्हणाला, "अरे हो, आता सांगायला हरकत नाही. आपल्या कॅसेटवाल्या इंदिराबाईंनी तुमच्या धरणगावच्या आत्याबाईंना कादंबरीचा पूर्ण संच पाठवलाय. टेपरेकॉर्डरसुद्धा. परवाच पोचला म्हणे. तुम्हाला चकित करायचं होतं त्यांना."

मी चहा पूर्ण प्यायलो की नाही ते आठवत नाही. जळगावचीच बस लागली होती. त्याच बसने जाऊन एरंडोलला उतरून धरणगाव गाठायचं असं मी अभिमनला सांगितलं, आणि त्याला वाटलं मला आनंदाने राहवत नाहीये. "जा सर, जा. त्या खूश होतील," तो म्हणाला.

खिडकीशी जागा मिळाली. पारोळ्याकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापूस, बाभळींच्या काट्यांना ट्रकवरून उडून अडकलेले पांढरे पुंजके. मी स्वतःला समजावू लागलो, आणि समजावताना मला नेहमी विज्ञानच सुचतं. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, एक हवेतून आणि एक स्वतःच्या कवटीच्या हाडांतून. टेपवर हाडांची वाट नसते. म्हणून टेपवरचा स्वतःचा आवाज कुणालाच स्वतःचा वाटत नाही. मला माझाच पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणी पोरकट, पातळ आवाजाचा इसम बोलतोय असं वाटलं होतं. म्हणजे फुईला स्वतःचा आवाज ओळखू येण्याचं कारण नाही. तिने तो कधी बाहेरून ऐकलेलाच नाही. हे तर्काला धरून होतं. पारोळा येईपर्यंत मी ते तीनचार प्रकारे तपासलं आणि प्रत्येक वेळी ते बरोबर आलं, आणि तरी मी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, भागाबाई. आमच्या गावात हायस्कूल नव्हतं, म्हणून पाचवीपासून मी धरणगावला तिच्याकडे राहिलो. तिचे यजमान, फुवा, लवकर गेले होते. घरात ती, मी आणि एक बकरी. मी शाळेतून आलो की ती चुलीपाशी बसल्या बसल्याच विचारायची, "कव्हय उना रे, निंब्या?" केव्हा आलास. रोज तेच. मी तिच्यासमोरच उभा असायचो, आत्ताच उंबरा ओलांडलेला असायचा, तरी विचारायची. आणि वाक्याचं शेपूट असं वर उचललेलं. पुढे मी जळगावला कॉलेजात गेलो, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तिथेच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर लागलो, आणि एरंडोलच्या पुढे गेलं की जिभेवरून अहिराणी आपोआप उतरायची, परत येताना आपोआप चढायची, जशी काही ती बसमध्येच ठेवायची वस्तू होती. कॉलेजात मला कुणी निंबा म्हणत नाही. कॅसेटच्या सुरुवातीलाही मीच माझ्या आवाजात सांगतो, वाचन, एन. आर. पाटील.

कॅसेटचं काम इंदिराबाईंमुळे सुरू झालं. त्या जळगावला वाचनालयाच्या मागच्या खोलीत 'बोलकी पुस्तकं' चालवतात. साडी खोचून स्वतः टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसणाऱ्या बाई. ध्वनिमुद्रणाला शांत जागा हवी होती आणि आमच्या विभागाच्या डार्करूमला काळे जाड पडदे होते, प्रकाशासाठी लावलेले, पण ते आवाजही शोषून घेत. मी तिथे बसून पहिलं पुस्तक वाचलं, सरळ, स्वच्छ, एका पट्टीत. ते परत आलं. इंदिराबाई म्हणाल्या, "पाटील, तुम्ही बाजारभाव वाचल्यासारखं वाचता हो. लोकांना दुसऱ्या पानावर झोप लागते." मला ते लागलं. मग मी त्याचा प्रयोगच केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी वेग, मग विराम, मग पट्टी. आणि प्रत्येक बदल इंदिराबाईंच्या खोलीत ऐकायला येणाऱ्यांवर करून बघायचा. ऐकणारा खुर्चीत मागे टेकतो की पुढे सरकतो, हे मी कोपऱ्यात उभा राहून बघत असे. त्यांना मी तिथे आहे हे ठाऊक नसे. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा ते निरीक्षण वाटलं होतं.

न्यायाधीशाला छातीतला आवाज दिला. त्याच्या सुनेला घाईचा, नाकातला. सरूबाई आली तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. ओठ उघडले आणि फुई आली. छापलेला एकही शब्द मी बदलला नाही, याचा मला अभिमान होता. पुस्तकात सरूबाई नीट पुस्तकी बोलते. मी फक्त 'पाणी'चं 'पानी' केलं, 'डोळे'चं 'डोये', आणि वाक्याचं शेपूट वर उचललं. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत पहिल्यांदा हसू फुटलं. खुर्च्या पुढे सरकल्या. कौतिक नावाचे एक वयस्कर गृहस्थ, बोलताना कधी चेहऱ्याची रेषा हलू न देणारे, ते दात दाखवून हसले. मी डार्करूममध्ये परत गेलो आणि पुढच्या प्रकरणात शेपूट आणखी थोडं वर नेलं. मग आणखी थोडं. सिग्नल मिळतोय म्हटल्यावर माणूस बटण फिरवत जातो तसं.

पण ती वीसबावीस पानं हसण्याची नाहीत. शेवटी सरूबाईचा मुलगा दूर कुठेतरी कारखान्यातल्या अपघातात जातो, घरात तार येते, न्यायाधीश ती वाचून दाखवतात, आणि सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणते की ताट वाढून ठेवलंय, तो आला की गरम करीन. मी पहिल्यांदा पुस्तक मनात वाचलं तेव्हा या ओळीवर थांबून बाहेर व्हरांड्यात गेलो होतो. तीच ओळ मुद्रित करायची वेळ आली तेव्हा मला ठाऊक होतं की आता तो आवाज बदलायला हवा. ठाऊक होतं. पण इतक्या कॅसेटा सरूबाई ज्या आवाजात बोलली तो इथे सोडला तर ती सरूबाई राहणार नाही, सुसंगती जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि खरं म्हणजे सुसंगतीचं मला काही नव्हतं. मला मागच्या खोलीतलं हसू हवं होतं, आणि ते मिळालं. तार वाचून झाल्यावर, त्या ओळीला, ते हसले. लेखकाने जिथे माणसाचा जीव काढून ठेवला होता तिथे हसले, आणि दोष त्यांचा नव्हता. त्यांच्या हातात पुस्तक कुठे होतं? त्यांच्या हातात मी होतो.

पारोळ्याला बस भरली. एक म्हातारी दोन पिशव्या घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "भाऊ, हाई एष्टी एरंडोलले थांबस ना?" मी म्हटलं, "हो, थांबते आजी." तिने माझ्याकडे बघून पदर सावरला आणि पिशव्या आपल्या पायांकडे ओढून घेतल्या, मला अडचण नको म्हणून. वाटेत तिने कुणाशी तरी मागे वळून बोलायला सुरुवात केली आणि मी नकळत तिच्या वाक्यांचे शेवट ऐकू लागलो. ते वर जात नव्हते. ती आमच्याच भागातली बाई, आमचीच बोली, पण तिची वाक्यं नीट खाली बसत होती. मागची बाईही तशीच. मग मी आठवू लागलो: माझे वडील, फुईच्या शेजारची भिकुबाई, आमच्या गावची सगळी माणसं. कुणाचंच शेपूट वर जात नाही. इतके दिवस मी समजत होतो की मी खानदेशी बाईचा आवाज काढतोय. तो कुठल्याच बाईचा नव्हता, एकट्या फुईचा होता.

आणि तिचाच का, हा प्रश्न तिथे बसमध्ये, नारळाची शबनम मांडीवर घेऊन बसलेल्या मला पहिल्यांदा पडला. तिला काचबिंदू, आता जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यात दृष्टी मधून जात नाही, कडेकडून जाते. समोरचं पुष्कळ काळ दिसत राहतं आणि बाजूचं आधी संपतं. समोर उभा असलेला माणूस पाऊलभर सरकला की तो नाहीसा. मी तिच्या घरी होतो तेव्हाच ते सुरू झालं असणार, कुणाला कळलं नव्हतं एवढंच. ती बोलायची आणि वाक्याचा शेवट वर करून थांबायची, कारण समोरचा अजून तिथे आहे की गेला, हे तिला बघून कळत नव्हतं. ते शेपूट म्हणजे चाचपणारा हात होता. 'कव्हय उना रे' हा प्रश्न नव्हताच. मी मात्र त्या चाचपणाऱ्या हाताची नक्कल करून शाल मिळवली होती.

लहानपणी ती गोष्टी सांगायची. गोष्ट ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणत राहायचं, नाहीतर ती थांबायची. "हुंकारा नही दिधा ते गोष्ट वाट चुकी जास," म्हणायची. आणि सांगताना ती कुठलाच आवाज काढायची नाही. राणी, राक्षस, बोलणारा बोका, सगळे तिच्या त्याच एका आवाजात. तरी मला ते वेगळे ऐकू यायचे. राक्षसाचा आवाज तर इतका जाड ऐकू यायचा की मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायचो. तो आवाज कोण काढत होतं मग? मी प्रत्येक 'हूं'बरोबर तो थोडा थोडा घडवत असणार. तिने माझ्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. मी माझ्या श्रोत्यांसाठी ती ठेवली नाही. सगळी माणसं मीच करून दिली, कुठे हसायचं तेही करून दिलं. त्यांनी मला म्हटलं, माणसं पहिल्यांदा ऐकली. त्यांनी पहिल्यांदा मला ऐकलं होतं, आणि माझ्यातल्या त्या पातळ, पोरकट इसमाला.

एरंडोलला म्हातारी उतरताना तिची एक पिशवी मी खाली दिली. "सुखी राह्य, भाऊ," ती म्हणाली. तोंडाशी 'बरं' आलं होतं की 'हा माय', ते मला ठरवता आलं नाही, तेवढ्यात बस हलली आणि मलाच उडी मारून उतरावं लागलं. धरणगावच्या गाडीत पुन्हा हाडांची वाट, हवेची वाट. तिने ओळखलं नसेल. टेपरेकॉर्डर तिला चालवताच येणार नाही. वीज नसेल. एवढ्या वेळात मी वीज नसावी अशी इच्छा करणारा माणूस झालो होतो. आधी पोचलो तर संच उचलायचा, म्हणायचं, यात बिघाड आहे, दुसरा आणतो. दुसरा मुद्रित करता येईल. सरूबाईला तिचा साधा आवाज देता येईल. एवढं एकदा जमू दे.

गल्लीच्या तोंडाशीच भिकुबाईने मला गाठलं. फुईच्या भिंतीला भिंत असलेली, ओसरीत कापसातली किटी, काडीकचरा, वेचत बसलेली. "निंबा! आरे तुन्ही कॅसेट आम्ही बठ्ठ्यास्नी आयकी! मन्हा पोर्‍याने लाई दिन्ही. हासी हासी पोट दुखनं, बाप्पा!" तिने हातातला कापूस खाली ठेवला. "ती म्हतारी ते अशी बोलस, जशी काही आपली भागाबाईच शे! मी ते तिले सांगं बी. म्हनं, भागाबाई, तू कव्हय व्हयनी वं साहेबना घर सैपाकीन?"

"मग फुई काय म्हणाली?"

"ती काय म्हनी? ती हासनी नही. नुसती हूं हूं करे. त्या डब्बाले हुंकारा देये, येडी! आखो शेवटलोंग." भिकुबाई पुन्हा हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

म्हणजे फुईने त्या पेटीला शेवटपर्यंत हुंकार दिला होता. माझी गोष्ट वाट चुकू नये म्हणून. हाडांची वाट, हवेची वाट हे सगळं माझ्या डोक्यातून तिथे गल्लीतच सांडून गेलं. ओळखायला कान लागलेच नव्हते, शेजारणीने तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यानंतरही ती ऐकत बसली होती, ताटाच्या त्या ओळीपर्यंत, चारी बाजूंनी बायका हसत असताना.

दार उघडंच होतं. फुई भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, जणू घरात कुणी परकं आलंय. टेपरेकॉर्डर फळीवर, वर स्वच्छ फडकं झाकलेलं. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि वाट बघितली. कव्हय उना रे, निंब्या. ती ते म्हणेल आणि मी लगेच, शेपूट वर जायच्या आत, उत्तर देईन, असं मी ठरवलं होतं.

तिने चेहरा माझ्याकडे वळवला. थोडा बाजूला, मी नव्हतो तिथे. "निंबा," ती म्हणाली. मग एकेक शब्द जपून ठेवत, जसं दुसऱ्याच्या घरची काचेची भांडी ठेवावीत, "तू केव्हा आलास? पाणी देऊ का?" 'पाणी' म्हणताना जीभ टाळ्याला नीट लागावी म्हणून तिने किंचित मान उचलली. ती चार इयत्तासुद्धा शिकलेली नाही. हे कुठून घेतलं असेल तिने, रेडिओवरून, की माझ्याच कॅसेटवरून, सुनेच्या आवाजातून, मला कळेना. वाक्याचा शेवट तिने वर नेला नाही. सपाट ठेवला. म्हणजे मी अजून तिथे आहे की नाही, हे तिला आता विचारायचं नव्हतं.

"फुई," मी म्हटलं.

"जेवण झालं आहे का तुझं? ताट वाढते." ती उठू लागली. आधाराला हात पुढे केला, तो भिंत नव्हती तिथे शोधत गेला, मग भिंत सापडली. "तू छान वाचलं आहेस. सगळ्यांना आवडलं."

मला एवढंच करायचं होतं, की तिच्याशी तिच्या बोलीत बोलायचं. माफी वगैरे मोठी गोष्ट मला सुचली नाही. फक्त ते वाक्य, जे मी शाळेतून आल्यावर रोज म्हणायचो. मी शबनम खाली ठेवली. नारळ जमिनीवर टेकून वाजला आणि तिची मान आवाजाकडे वळली. मी म्हणालो, "फुई, मी आत्तेच उनू."

आणि ते माझ्या कानांना ऐकू आलं. शेपूट वर गेलेलं. हनुवटी पुढे आलेली. मी काहीच केलं नव्हतं, ते तसंच आलं. डार्करूममध्ये इतक्या दुपारी फिरवलेलं बटण आता मागे फिरत नव्हतं. पुन्हा म्हणालो, हळू, "आत्तेच उनू, फुई." पुन्हा तेच. बाहेर ओसरीतून भिकुबाईचं हसू फुटलं. "दखा वं, कॅसेटनी म्हतारी बोलनी!" ती कुणाला तरी म्हणाली.

फुई चुलीपाशी पोचली होती. पाठमोरी. तिने ताट घेतलं, पदराने पुसलं, आणि मी पुढे काहीतरी सांगणार आहे असं समजून, मान न वळवता, म्हणाली, "हूं."